काचेच्या गॅलरीतले पाच कैदी

"हलू नकोस ना रे!"

"मी कुठे हललो? मशीन हललं!"

"मशीन बंद आहे, लांब्या! तुझे गुडघे हलतायत!"

गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनमागे, वाळत घातलेल्या चादरीच्या आड तिघं एकमेकांच्या अंगावर कोंबून बसले होते. सगळ्यात पुढे फटाकी. वय तेरा. तोंड एकदा सुरू झालं की अख्खी माळ वाजेपर्यंत थांबायचं नाही, म्हणून घरीदारी हेच नाव. तिच्या मागे धाकटा भाऊ प्रश्न्या. आणि सगळ्यात शेवटी, मिटलेल्या छत्रीसारखा दुमडून, समोरच्या घरातला लांब्या.

"ताई, चोर आलाच नाही तर?"

"येईल."

"आला आणि त्याने आपल्याला पाहिलं तर?"

"नाही पाहणार."

"पाहिलं आणि..."

"प्रश्न्या, अजून एक प्रश्न विचारलास तर तुला मशीनमध्ये घालून फिरवीन!"

प्रकरण होतंच तसं गंभीर. बहीणभाऊ वर्षभर आईच्या मागे लागले होते, गिनिपिग हवेत म्हणून. आई चष्म्याच्या दुकानात काम करायची. समोरच्याला नीट दिसतंय की नाही याची खात्री केल्याशिवाय ती कुणालाच सोडायची नाही, मग पोरांना कशी सोडेल? "खेळणं हवं असेल तर आज आणू," ती म्हणाली. "जीव आणायचा असेल तर आधी सांभाळून दाखवा."

मग प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंशी बोलून तिने सुट्टीपुरती त्यांच्याकडची जोडी घरी आणली. केशरी, गुबगुबीत तो भोपळा आणि काळाकुट्ट तो कोळसा. दोघे सख्खे भाऊ. सुट्टी संपेपर्यंत ते ठणठणीत राहिले, तर पोरांना स्वतःची जोडी मिळणार!

पोरांनी जीव ओतून तयारी केली होती. दुकानदार छोटासा देखणा पिंजरा गळ्यात मारत होता, पण फटाकीने त्याच्याशी वाद घालून चांगला ऐसपैस पिंजरा आणला. सुकं गवत कायम पुढ्यात, कारण यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. रोज ढोबळी मिरचीची फोड, कारण क जीवनसत्त्व यांच्या अंगात तयारच होत नाही. ती दिसली की दोघे कान किटवणाऱ्या शिट्ट्या मारायचे. लांब्या त्यांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा. लेंड्या तपासायचं खातं प्रश्न्याकडे.

"साहेब, आजची बातमी?"

"गोल, कोरड्या आणि भरपूर!"

तरीही भोपळा आजारी पडायला लागला. आणि तोही फक्त दुपारी! सकाळी हा पठ्ठ्या गवतात उड्या मारत असायचा. पोरं पोहण्याच्या क्लासहून परतली की पाय पसरून पडलेला. मिरची नाकाशी धरली तरी तोंड फिरवायचा. डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले, कान पाहिले, छातीला नळी लावली. दोष कशातच नाही!

"तुमच्या घरातलं काहीतरी याला मानवत नाहीये," त्या काल म्हणाल्या. "या प्राण्याने अर्धा दिवस खाल्लं नाही तरी जिवावर बेततं. उद्याचा दिवस बघते. परवा सकाळी मी दोघांना परत नेणार."

तो 'उद्या' म्हणजे आज.

काल संध्याकाळी पिंजऱ्यापाशी तोंडं पाडून बसलेले असताना लांब्याला एक गोष्ट दिसली. "ए, सकाळी पाण्याची बाटली भिंतीकडे होती ना? मग आता खिडकीकडे कशी?"

फटाकी ताडकन उठली. "पिंजरा फिरलाय! म्हणजे आपण नसताना कुणीतरी तो उचलतं!"

पण कोण? दुपारी घरात एकटा मामा असायचा. तो रात्रभर बेकरीत पाव भाजायचा आणि दिवसा मेल्यासारखा झोपायचा. म्हणजे नक्की बाहेरचा कुणीतरी घुसत होता! ठरलं! पोहायला जायचं नाटक करायचं, गुपचूप मागे फिरायचं आणि गॅलरीत लपायचं. दाराच्या फटीतून बाहेरच्या खोलीतला पिंजरा बरोबर दिसत होता.

आणि आता पावलं वाजली!

तिघांनी श्वास रोखला. दार पूर्ण उघडलं. पिंजरा आत आला. पिंजऱ्यामागून मामा! अर्धवट मिटलेले डोळे, पिंजारलेले केस, दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

"घ्या," तो जांभई देत पुटपुटला. "मारा इथे शिट्ट्या. मोकळी हवा, मस्त ऊन. मलाही झोपू द्या."

लांब्या उठायला लागला, तसं फटाकीने त्याला खाली दाबलं. 'थांब! पुढे काय करतो ते बघू,' असे डोळे केले.

पुढे मामाने एकच गोष्ट केली. बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

खट्!

कडी. आणि कडी घराच्या बाजूने.

"मामा!" फटाकी दारावर झेपावली. "मामा, आम्ही आहोत आत! मामाऽऽ!"

तिघांनी दार बडवलं, लाथा घातल्या, घसे फोडले. काही उपयोग नाही. मामाची खोली घराच्या पार दुसऱ्या टोकाला. खडखडणारा पंखा, बंद दार आणि वर कापूस!

"आई कधी येणार?" प्रश्न्याने विचारलं.

"संध्याकाळी."

"तोपर्यंत आपण इथेच?"

फटाकीने दाराला आणखी एक लाथ हाणली.

ऊन सरकत सरकत गॅलरीवर आलं होतं. तीन बाजूंनी काचा. प्रश्न्या लहान असताना आईने त्या पक्क्या करून घेतल्या होत्या. एकच काच सरकायची, तीही हाताचा पंजा बाहेर जाईल एवढीच. वारा आत यायला जागाच नव्हती. फरशी तापायला लागली. मशीनच्या पत्र्याला लांब्याचा कोपर लागला आणि तो "आई गं!" करून उडाला. डोक्यातून घाम सुटला, कपडे पाठीला चिकटले. जणू कुणी त्यांना डब्यात भरून वर झाकण लावलं होतं.

"आता कळलं," फटाकी हळू आवाजात म्हणाली. "रोज दुपारी हे दोघं इथे असतात. आपण यायच्या आत मामा पिंजरा पुन्हा जागेवर ठेवतो. आजही क्लास सुटायच्या वेळी तो येईल, पण तोवर फार उशीर होईल."

"पण तो दुष्ट नाहीये ना?" प्रश्न्याने विचारलं.

"नाही रे. त्याला वाटतं, ऊन खातायत मजेत. पण आपल्याला निदान घाम येतो. यांना तोही येत नाही! यांनी थंड व्हायचं कसं?"

"ताई... भोपळ्याच्या तोंडातून पाणी गळतंय."

भोपळा लांबलचक पसरला होता. बरगड्या भराभर वरखाली होत होत्या. फटाकीने त्याच्या कानाला बोट लावलं. चटका बसावा इतका गरम! कोळसा निदान पिंजऱ्यातल्या लाकडी घराच्या सावलीत धापा टाकत बसला होता. भोपळ्याने मानही उचलली नाही.

आता रडायला वेळ नव्हता. "लांब्या, चादर काढ! पिंजऱ्यावर सावली धर. अंगाला चिकटवू नकोस, हवा खेळू दे. प्रश्न्या, नळ!"

प्रश्न्याने मशीनजवळचा नळ सोडला, बादली भरली आणि उचलून धावलाच. "ओतू याच्यावर?"

"थांब!" फटाकीने बादलीत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. "चहा होईल यात! नळी उन्हातच आहे ना. जाऊ दे थोडं पाणी. आणि ओतायचं नाही. एकदम भिजवलं तर धक्का बसेल. नुसतं फडकं ओलं कर."

थोड्या वेळाने पाणी कोमट झालं, मग साधं. फटाकीने खिशातला रुमाल भिजवला, पिळला आणि भोपळ्याच्या कानांना, पायांना हळूहळू लावू लागली. बोटावर थेंब घेऊन ओठांशी धरला.

"पी ना रे. एक थेंब. माझ्यासाठी."

भोपळा प्यायला नाही.

लांब्याने खांद्याने दाराला धडक दिली. दार ढिम्म. खांदा चोळत त्याने बादली रिकामी करून उचलली. "काच फोडतो!"

"वेडा आहेस? खाली रस्ता आहे, माणसं चालतात! आणि काचा इथे यांच्या अंगावर उडतील त्या?"

मग तिघं फटीला तोंड लावून ओरडले. "ओ काका! वर बघा! आम्ही कोंडले गेलोय!" खालून जाणाऱ्या एका गृहस्थांनी खरंच वर पाहिलं. छान हसले, हात हलवला आणि निघून गेले!

"हात काय हलवतायत!" लांब्या मटकन खाली बसला. "सुट्टीत पोरं ओरडतातच, असं वाटलं असणार. आपलं कुणी ऐकणार नाही."

फटाकीने परत एकदा खाली पाहिलं. बरोबर खालच्या घराच्या खिडकीबाहेर दोरीवर पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्री मारल्यासारख्या चादरी झुलत होत्या. खालच्या काकूंच्या! त्या चादरींवर वरून पाण्याचा एक थेंब पडला तरी काकू अख्खी इमारत डोक्यावर घ्यायच्या.

फटाकीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "लांब्या, मशीनची रबरी नळी सुटते का बघ."

"सुटेल. का?"

"काकूंना भिजवायचंय."

"ताई! काकू वर येऊन मारतील आपल्याला!"

"प्रश्न्या, माझ्या राजा, तेच तर हवंय!"

लांब्याने दात-ओठ खात नळी पिळून सोडवली, नळाला जोडली आणि टोक फटीतून बाहेर काढलं. प्रश्न्याने नळ पुरता फिरवला. अशी झकास धार सुटली! पहिली चादर गेली. दुसरी गेली. उशीचे अभ्रे गेले!

"कोण आहे रे तो मेला?" खालून गर्जना आली. खिडकीत काकूंचं डोकं दिसलं, आणि धार नेमकी डोक्यावर!

"आम्ही आहोत, काकू!"

"पुन्हा तुम्ही? थांबा, वर येऊन एकेकाचा कानच उपटते!"

"या, काकू! लवकर या!"

काकूंनी तोंडावरचं पाणी निपटलं. "या म्हणते! कार्टी वर तोंड करून या म्हणते!"

"काकू, गॅलरीच्या दाराला बाहेरून कडी आहे! मामा झोपलाय! इथे एक जीव मरायला टेकलाय!" फटाकीचा आवाज फाटला. "खरंच, काकू. मागून काय मारायचं ते मारा. पण आधी या!"

डोकं दिसेनासं झालं.

मग घराच्या दारावर जी थाप पडली! एक, दोन, मग धडाधड! गॅलरीच्या काचासुद्धा थरथरल्या. काकूंच्या हातापुढे कापसाचं काय चालणार? दूर कुठेतरी मामा धडपडल्याचा आवाज आला, मग "कोण मेलं? काय झालं?" आणि मग जवळ येणारी पावलं.

खट्! कडी निघाली.

दारात काकू, केसांतून पाणी निथळतंय. मागे मामा, एका कानात बोळा, दुसरा हातात. आणि समोर लालबुंद, घामाने चिंब तीन पोरं, मधल्या पोरीच्या हातात रुमालात गुंडाळलेला भोपळा.

"तुम्ही इथे? तुम्ही तर पोहायला..." मामा म्हणाला.

"तू इथे एक पाऊल टाक, मामा," फटाकी म्हणाली. "उभा राहून बघ फक्त."

मामा गॅलरीत आला. अनवाणी पाय तापलेल्या फरशीला लागले तसा तो दचकला. त्याने काचांकडे पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरत गेला. मग तो आत धावला आणि स्कूटरची किल्ली घेऊन आला.

काकूंनी कान उपटले नाहीत. त्यांनी पदराने प्रश्न्याचं तोंड पुसलं आणि कोळशाला सावलीत घेऊन बसल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भोपळ्याला तपासलं, सुईने अंगात पाणी सोडलं, औषध दिलं. मामा कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. यांच्या शिट्ट्यांनी झोप लागत नाही म्हणून पिंजरा गॅलरीत ठेवायचो, हे त्याने सांगून टाकलं होतं.

"ऊन लागलंय. पण अंग बरंच निवलंय," त्या म्हणाल्या. "कुणी निववलं?"

"ताईने. ओल्या फडक्याने," प्रश्न्या म्हणाला. "मी बादली ओतणार होतो!"

"ओतली असतीस तर हा वाचला नसता. भोपळा जगला तो तुमच्यामुळे, पोरांनो." मग त्या मामाकडे वळल्या. "शिट्ट्या नेमक्या केव्हा मारतात हे?"

"मी झोपण्याआधी पाणी प्यायला फ्रिज उघडतो ना, तेव्हाच," मामा म्हणाला.

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. "अहो, फ्रिज उघडला की यांना वाटतं मिरची आली! स्वतःच हाक मारायची आणि स्वतःच कानात बोळे घालायचे?"

संध्याकाळी आईने सगळं ऐकून घेतलं. त्या रात्री फटाकीला झोप नव्हती. भोपळा गवताच्या एकदोन काड्या चावायचा आणि थांबायचा. सकाळी परत नेणार म्हटलं होतं ना!

सकाळी दारावर टकटक झाली. डॉक्टरीणबाई आत आल्या.

फटाकीने आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. टोपली नव्हती. हात रिकामे होते!

"नेणार नाही मी यांना," त्या म्हणाल्या. "यांना इतकं जपणारी पोरं मला दुसरी कुठे मिळणार?"

"माझंच चुकलं," आई म्हणाली. तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून तिघांकडे नीट पाहिलं. "परीक्षा मी पोरांची घेतली. घरातल्या मोठ्यांची घ्यायची राहूनच गेली. तुम्ही पास आहात, रे. सुट्टी संपली की तुमची जोडी आणू."

"हुर्रेऽऽ!" लांब्या इतका उंच उडाला की डोकं दिव्याला लागलं.

"आणि मामा?" प्रश्न्याने विचारलं.

मामा नुकताच बेकरीतून आला होता. पिठाचे हातसुद्धा धुतलेले नव्हते. "मला शिकवाल का रे?" त्याने विचारलं.

"आधी हात धू!" तिघं एका सुरात ओरडले.

मामाने मुकाट्याने हात धुतले. मग मांडी घालून बसला. फटाकीने त्याच्या मांडीवर टॉवेल पसरला आणि भोपळ्याला अलगद ठेवलं. भोपळ्याने मामाचा अंगठा हुंगला आणि त्याच्या बोटांतली मिरचीची फोड ओढून घेतली. करकर, करकर!

"खातोय!" मामा कुजबुजला. त्याचे डोळे झोपेने जड झाले होते, पण तो जागचा हलला नाही. "आता मी काय करू?"

"काही नाही," फटाकी म्हणाली. "तो खाईल तोवर बसून राहा."