धुळ्यात हवा मिळत नाही का?

कानबाई देवीच्या सणाचा रविवार उद्यावर आलेला, त्यामुळे गावी निघालेल्या गाड्यांची पारोळ्याजवळच्या चिंधा आबांच्या टायरच्या दुकानात नुसती झुंबड होती. आबा गुडघ्याने बेजार. जॅक लावण्यापासून बिल फाडण्यापर्यंत सगळं त्यांची लेक दिपमालाच बघायची. हात कायम काळे, जीभ तिखट, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती आधी ‘भाऊ’ म्हणायची. एकदा भाऊ म्हटलं की कुणी उगाच रेंगाळत नाही, हा तिचा अनुभव.

श्रावणाची एक भुरभूर येऊन गेली आणि उन्हात चमकत लाल, बुटकी, दोनच सीटांची गाडी लंगडत दारात आली. आतून एक उंच पोरगा जवळजवळ घडी मोडतच बाहेर निघाला. शर्ट भिजलेला, चेहरा पडलेला... आणि हसू मात्र शाबूत.

“बोला ना—” ती म्हणाली. पुढचा ‘भाऊ’ कुठे अडकला, तिचं तिलाच कळलं नाही.

“मी लखन. जळगावला पाइपच्या कारखान्यात आहे, घर धुळ्याला. गाडी सेकंडहँड आहे, पण पहिलीच आहे हो! जळगावचा गॅरेजवाला म्हणाला होता, या टायरचं पंचर काढायचं नसतं, सरळ बदलायचा. तुम्ही म्हणाल तसं करू.”

“स्टेपनी?”

“या गाडीला नसतेच.”

“म्हणजे नुसता रुबाब,” ती म्हणाली, आणि तो इतका मनापासून हसला की तिला पान्हा सापडेना.

असला टायर पारोळ्यात कुठून असणार! नाशिकहून मागवला तर सोमवारी येईल. तोवर गाडी इथेच... आणि गाडीवर जीव टाकणारा हा माणूसही पारोळ्यातच कुठेतरी. दोन दिवस! दिपमालाच्या मनात ते येऊन गेलं, आणि तिचे कान तापले.

तिने चाक काढलं, साबणाचं पाणी टाकलं. बुडबुडे आले ते थेट मधल्या नक्षीतून. पक्कडीने ओढून काढला तर बैलाच्या नालेचा खिळा. टायरच्या कडेला लागला असता तर प्रश्नच नव्हता, बदलावाच लागला असता. पण खिळा मधोमध होता आणि भोकही बारीक.

तो शेजारी उकिडवा बसला होता. “काय म्हणता, बदलायचा?”

एक ‘हो’ म्हणायचं होतं. तो ऐकणार होता, गॅरेजवाल्यानेही तेच सांगितलं होतं. कुणाला कधी कळलंही नसतं.

“उद्या घरी कानबाई बसते ना तुमच्या?” तिने खाली मान घालून विचारलं.

“बसते ना. आई वाट बघतेय. घरातली माणसं मोजून प्रसादाच्या रोटांचे गहू घेतलेत तिने. मी नाही पोचलो तर माझ्या वाटचे रोट बघून रडेल.”

दिपमालाने एक मोठा श्वास घेतला. “बदलायची गरज नाही. आतून पॅच मारते. वीस मिनिटं. चांगला चालेल हा टायर.”

“वीसच?” तो म्हणाला. तो खूश झाला की हिरमुसला, तिला कळेना.

गाडी गेली आणि ती कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत राहिली. इतकं खरं बोलायची काय गरज होती, असंही तिला वाटून गेलं.

सोमवारी दुपारी लाल गाडी पुन्हा दारात. जळगावला परत निघाला होता.

“हवा चेक करायची होती.”

खाटेवरून आबांनी डोळा किलकिला केला. “का रे भाऊ, धुयामा हवा भेटत नही का?”

“भेटस आबा,” लखन म्हणाला, “पण आठली चांगली शे.”

‘इथली’ हवा चांगली, हे ऐकून दिपमाला वळून खुदकन हसली. “रोट आणलेत का आमच्यासाठी?”

“आमचे रोट घराबाहेर देत नाहीत. घरातल्या माणसांनीच खायचे.” मग हळूच, “बाकीच्यांना भाऊ म्हणता. मला काहीच नाही म्हणत...”

“पाच मिनिटं थांबा, म्हणते.”

“नको, नको! राहू द्या!”

त्यानंतर दर शनिवारी धुळ्याला जाताना आणि दर सोमवारी परतताना त्या टायरची हवा बघितली जाऊ लागली. एवढी काळजी कुणी जावयाची घेत नाही, असं आबा म्हणत, आणि खाटेवर कूस बदलत. थंडीत भरताची वांगी आली, शिवारातला कापूस वेचून झाला. लखनचं ‘तुम्ही’ कधी ‘तू’ झालं, दोघांनाही आठवत नव्हतं.

होळी झाली आणि एका शनिवारी दिपमालाने चारही टायरांवरून हात फिरवला. नक्षी पार झिजली होती.

“आता मात्र बदलायचे,” ती म्हणाली. “चारही. नाशिकहून मागवूनच ठेवलेत.”

“तो पॅचवाला राहू दे ना.”

“मुळीच नाही. जिवाशी खेळ नको.” मग आवाज जरा उतरला. “नव्या टायरांना सारखी हवा बघावी लागत नाही. तुम्हाला... थांबायचं काही कारण उरणार नाही.”

लखन उकिडवा बसला, पहिल्या दिवशी बसला होता तस्साच. “त्या दिवशी मला वाटत होतं, तू ‘बदला’ म्हणावं. दोन दिवस इथेच राहिलो असतो.”

तिच्या हातातला पान्हा थबकला. “मलाही... तेच म्हणायचं होतं.”

“मग का नाही म्हणालीस?”

“आई रडली असती ना तुमची.”

तो उठून तिच्यासमोर उभा राहिला. “दिपा, मला आवडतेस तू. पुढच्या रविवारी आईला घेऊन येतो, आबांना विचारायला. पण गाडीत दोनच सीटा... परत जाताना तुला कुठे बसवू?”

“एवढी घाई? आधी रीतसर विचारा तरी!” ती लाजून चाकाकडे वळली. नवे टायर चढवले, एकेक नट आवळला, पुन्हा तपासला. आजवर त्याच्याशी ती जपून, शाळेतलं मराठी बोलत आली होती. आता घरचं बोलणं आपसूक ओठांवर आलं.

“मायले सांगा,” ती म्हणाली, “औंदा रोटस्ना गहू जराखा जास्त ल्या.”