इंजिनाच्या टपाखाली

झिपरूआबांच्या मुलीने, सपनाने, प्लास्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. चष्मा, तंबाखूची डबी आणि एक तेलकट, काळा पडलेला चिनी मातीचा फ्यूज.

“आबा गेले तेव्हा त्यांच्या खिशात एवढंच होतं. दीपमालाताई, त्यांना ऐकू कमी यायचं, पण ते निष्काळजी नव्हते हो. चाळीस वर्षं पत्र्याच्या खेळण्यांचे साचे घडवले. पोलीस म्हणतात, स्वतःच पत्रा ठोकायची प्रेस चालू करून हात घातला. हा ठपका पुसायचाय मला.”

खासगी गुप्तहेर दीपमाला बोरसे फ्यूजकडे बघत राहिली. तिचा मदतनीस रुपचंद, निवृत्त हवालदार, बघत होता तंबाखूच्या डबीकडे. सवय कुठली जाते!

धुळ्याच्या त्या कारखान्यात आठ दिवस सगळं ठप्प होतं. फळीवर लाल इंजिनं ओळीने उभी होती. प्रेसखालचा डाग घासूनही गेला नव्हता, रुपचंद तिकडे पाय टाकेना. विजेच्या बोर्डावर तेलाचा काळा थर होता, त्यातला फ्यूज मात्र पांढराशुभ्र.

प्रेस चालवणारा समाधान थरथरत होता. “मी बाहेर डबा खात व्हतू. आवाज उना, पयत उनू, तं झिपरूआबा... चालू मशीनमा आबा कधीच हात घालेत नही, ताई. सगळासले माहीत शे.”

तरुण मालक स्वप्नीलने खिशातल्या किल्लीने ऑफिस उघडलं. आत नुसती भट्टी.

“पंखा आठ दिवस बंद आहे. वायरमनला सांगायचं राहिलंच.”

टेबलावर कारखान्याच्या इतिहासाचं नवंकोरं पुस्तक होतं. “पहिल्या इंजिनाचा साचा माझ्या आजोबांनी कोरला. रविवारी प्रकाशन आहे.”

“ऑफिसच्या किल्ल्या किती?”

“एकच. विश्वास कुणावर ठेवायचा?”

बाहेर येताच रुपचंद कुजबुजला, “ताई, तो समाधानच. कसा कापत होता!”

“जरा दम धरा, भाऊ. फौजदारांना बोलवा.”

सगळे प्रेसपाशी जमले. दीपमालाने काळा फ्यूज वर धरला.

“साच्यात हात घालण्याआधी आबा हा काढून खिशात ठेवायचे, कुणी चुकूनही मोटार चालू करू नये म्हणून. त्या दिवशीही ठेवला. मग प्रेस चालली कशी?”

रुपचंदने डोकं खाजवलं. “दुसरा फ्यूज?”

“शाब्बास! बोर्डावरचा हा पांढरा. इथल्या तेलात राहिलेलाच नाही, कारण हा ऑफिसमधला आहे. म्हणून तिथला पंखा बंद. आणि ऑफिसची किल्ली एकच आहे. आबांना मोटार ऐकू आली नाही, स्वप्नीलने पायडल दाबलं. समाधान धावत आला, तेव्हा फ्यूज काढायचा राहून गेला. नंतर काढला असता, तर प्रेस चाललीच कशी, असं पोलिसांनी विचारलं असतं.”

“का रे?” सपना ओरडली. “काय बिघडवलं होतं त्यांनी तुझं?”

फौजदारांनी स्वप्नीलचा दंड धरला. तो किंचाळला, “रविवारच्या आत साच्यातलं एक नाव खरवडा म्हणालो होतो. नुसतं एक नाव! म्हातारा ऐकेना!”

सपनाने फळीवरचं इंजिन उचललं, नखाने पत्र्याच्या जिभा सरळ केल्या आणि टप सोडवला. आतल्या बाजूला पत्र्यात उठलेली अक्षरं होती: झिपरू.

तिने दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. सगळीकडे तेच.

“आमच्या घरी पण होतं एक,” ती रडत म्हणाली. “आबांनीच आणलेलं. मी कधी उघडून बघितलंच नाही.”