गॅलरीतल्या निळ्या चांदण्या

“डोळे मिटायचे, नाक धरायचं आणि गिळायचं,” अमृत म्हणाला. “जो तोंड वाकडं करील तो बाद.”

“मग तू आत्ताच बाद,” आठ वर्षांची शिवानी म्हणाली. “तुझं जन्मापासून वाकडंय.”

समोरच्या दारात राहणारा अमृत सरावासाठी फळं घेऊन आला होता. खवल्यांचं ड्रॅगनफ्रूट, मऊ पडलेला अव्होकॅडो आणि सुरकुतलेलं जांभळं पॅशनफ्रूट. यंदा रेणुका सोसायटीच्या कमिटीनं ठरवलं होतं, दिवाळीच्या फराळात तळकट कमी आणि प्रत्येक घरी रोज एक अनोळखी फळ. कल्पना सेक्रेटरी शिवपुत्र काकांची. आज दुपारी हॉलमध्ये डोळे बांधून फळ ओळखायची स्पर्धा होती. अमृत, शिवानी आणि तिची मोठी बहीण अक्षता, असा तिघांचा संघ होता.

“अक्षता, हे चाख. रुसलेल्या लोण्यासारखं लागतं.” अमृतनं अव्होकॅडोची फोड पुढे केली.

अक्षता हसली नाही. तिचा कान आतल्या खोलीकडे होता.

हुक्. जरा थांबून पुन्हा, हुक्.

अप्पांना, तिच्या वडिलांना, काल दुपारपासून उचकी लागली होती.

अप्पांच्या किडन्या काम करीत नसत. सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यात त्यांचं डायलिसिस चाले. त्यामुळे काय खायचं, किती पाणी प्यायचं, सगळं बेतानं. हे सारं आई बघायची. आई श्रावणात गेली. तेव्हापासून दुधनीहून आलेली चंद्रव्वा आत्या घर सांभाळत होती.

आत्या अप्पांच्या खाटेशी बसून एकेक नाव घेत होती. ज्याच्या नावाला उचकी थांबेल, तो आठवण काढतोय.

“नागप्पा मामा.”

हुक्.

“दुधनीचा सिद्धप्पा.”

हुक्.

मग आत्यानं आवाज खाली आणला. “जगदेवी.”

ते आईचं नाव होतं. अक्षतानं श्वास रोखला. उचकी आली नाही. आत्यानं डोळ्याला पदर लावला.

“बघितलंस? तीच आठवण काढतीया. तिच्याबिगर पयली दिवाळी हाय की.”

हुक्.

पण तोवर आत्याचं ठरून गेलं होतं.

अक्षता दारात तशीच उभी राहिली. आई कुठून तरी आठवण काढत असेल, तर ती उचकी थांबवायला जाणारे आपण कोण? तिला ते खरं असायला हवं होतं. फार हवं होतं. पण अप्पांचे ओठ कोरडे पडले होते. आणि आईच्या छातीत दुखत होतं तेव्हाही घरातले सगळे म्हणाले होते, काही नाही, पित्त असेल.

“आत्या, काल अप्पांनी काय खाल्लं?”

“भाकरी आन् बिनमिठाची भाजी. दुसरं काय देणार त्याला?” आत्या खिडकीकडे बघत म्हणाली. “पोलिसात जा की तू, मोठी झालीस म्हंजी.”

अक्षता बाहेर आली. “आत्या लपवतेय काहीतरी.”

“कशावरून?” अमृतनं विचारलं.

“ती रागावते तेव्हा माझ्या डोळ्यांत बघून रागावते. आज खिडकीवर रागावली.”

आता स्पर्धा कुणाच्या डोक्यात नव्हती. अमृतनं ओट्याखालचा डबा उघडून पाहिला, पण कचरा सकाळीच घंटागाडीत गेला होता. फ्रिजमध्ये नेहमीचंच सामान. मिक्सरचं भांडं धुऊन पालथं घातलेलं.

“मिक्सर कशाला लागला?” अक्षता म्हणाली. “बिनमिठाच्या भाजीला?”

तेवढ्यात गॅलरीतून अमृतची हाक आली. त्यानं कूलर बाजूला सरकवला होता. मागच्या फरशीवर निळ्या चांदण्या उमटल्या होत्या. पाच-पाच टोकांच्या, सगळ्या एकसारख्या, भिंतीपर्यंत पोचलेली रांग.

शिवानीचा चेहरा पडला. “मी रांगोळी नाही काढली. आत्यानं सांगितलंय, यंदा दारात रांगोळी नाही. मी फक्त ठसे काढले. दारात पण नाही. ठसे चालतात ना गं?”

अक्षता गुडघ्यांवर बसली. आई असती तर दार भरून रांगोळी झाली असती.

“चालतात,” ती म्हणाली. “कशाचे आहेत?”

शिवानीनं कुंडीमागून एक सुकलेली चकती काढली. रंगात बुडवून निळी झालेली, तरी कडेला पिवळी दिसत होती. “आत्या ह्याचा रस काढत होती, अप्पांसाठी. दोन चकत्या मला दिल्या आणि म्हणाली, कुणाला सांगू नको, डॉक्टरबाई उगाच ओरडतात.”

अमृतनं चकती हुंगली. “आंबट वास येतोय. नाव माहीत नाही. पण आणलंय कुणी, ते सांगू?”

“शिवपुत्र काका,” अक्षताच म्हणाली.

“बरोबर. पण थेट विचारलंस तर म्हणतील, मी नाही. त्यांना शाबासकी द्यायची. मग सगळं ओकतात.”

हॉलमध्ये काका माइकवर “हॅलो, हॅलो” करीत होते. अमृत त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

“काका, ते चांदणीवालं फळ लई भारी निघालं. तुम्हीच शोधलं ना?”

“मग दुसरं कोण शोधणार?” काका फुलले. “स्टारफ्रूट म्हणतात त्याला. आपल्यात करंबळ. बार्शीच्या मित्राच्या मळ्यातलं. अगं अक्षता, तुमच्याकडं तर पिशवीभर दिलं. वर्षाच्या आत घरात तळण नाही, मग दिवाळीला काहीतरी जायला नको का? अप्पांना म्हटलं, रस घ्या, सगळं शरीर धुऊन निघेल. काल दोन ग्लास घेतले त्यांनी.”

“डॉक्टरांना विचारलं होतं?”

“फळाला काय विचारायचंय? फळ ते फळ.”

अक्षता तिथून धावत सुटली. अप्पांच्या फोनमध्ये डायलिसिसच्या डॉक्टरबाईंचा नंबर होता. करंबळ म्हटल्याबरोबर बाईंचा आवाज बदलला.

“उचकी लागलीय का?”

“कालपासून. तुम्हाला कसं कळलं?”

“बोलणं नीट आहे?”

अक्षता खाटेजवळ गेली. “अप्पा, मी कोण?”

अप्पांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. “जगदेवी,” ते म्हणाले. “दार लाव. वारं येतंय.”

आत्यानं हात जोडले. “आली बघ ती.”

अक्षता आत्याकडे पाठ करून फोनमध्ये म्हणाली, “मॅडम, अप्पा मला ओळखत नाहीत.”

“आत्ता आणा. एक मिनिट घालवू नका. ज्यांच्या किडन्या चालत नाहीत त्यांना ते फळ विषासारखं असतं. मी मशीन तयार ठेवते.”

“सणाच्या दिवशी?” आत्या उठून उभी राहिली. “रिक्षा कुटं मिळायची? जरा झोपू दे त्याला, उतरंल.”

अक्षता आत्याशी वाद घालत बसली नाही. ती जिन्याकडे ओरडली, “अमृत, गाडी.”

सोसायटीत त्या वेळी एकच गाडी मोकळी होती, शिवपुत्र काकांची. पण काका स्पर्धेचे परीक्षक, आणि समोर माणसं बसलेली. त्यांना हलवणं कठीण. अमृतनं माइकच हातात घेतला.

“एक घोषणा. सोसायटीच्या आरोग्यासाठी झटल्याबद्दल पहिलं बक्षीस शिवपुत्र काकांना. बक्षीस जड आहे, त्यामुळं काकांनी गाडी घेऊन ताबडतोब सी विंगखाली यावं.”

टाळ्या वाजल्या. केस नीट करून काका गाडी घेऊन आले. खाली एका बाजूनं अक्षता आणि दुसऱ्या बाजूनं अमृतचे वडील, मध्ये लडखडत चालणारे अप्पा. काकांचा चेहरा उतरला. अक्षतानं चकती त्यांच्या समोर धरली आणि डॉक्टरबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. सात रस्त्यापर्यंत काकांचा हॉर्न सबंध वाट वाजत होता.

मशीन सुरू झालं. त्याची घरघर अक्षताच्या ओळखीची होती. आई शेजारी बसून ज्वारीची कणसं मोजावीत तशी अप्पांच्या हाताची बोटं मोजत राहायची. आज त्या खुर्चीवर अक्षता बसली. आत्या आणि अमृतबरोबर मागून आलेली शिवानी बाहेर बाकावरून उठत होती, बसत होती, पुन्हा उठत होती.

दिवेलागणीला अप्पांनी डोळे उघडले. उचकी थांबली होती.

“अक्षता,” ते म्हणाले. “स्पर्धा कोण जिंकलं?”

डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि मोठ्यांकडे वळल्या. “सकाळपर्यंत थांबला असतात तर झटके आले असते. ह्या मुलांनी वाचवलं त्यांना. निदानासाठी पुरावासुद्धा घेऊन आली.” चकती त्यांनी जपून कागदात गुंडाळली.

“बक्षीस तुमचंच रे,” काका अमृतला हळूच म्हणाले. “हॉलमध्ये मी स्वतः सांगतो. माझी चूक पण सांगतो. माइकवर.”

आत्या भिंतीला टेकून उभी होती. “त्याला बरं वाटावं म्हनून दिलं गं,” ती म्हणाली. “तिची आठवण म्हनून उचकीला बी हात लावला न्हाई.”

अक्षतानं बाहेर येऊन तिचा हात धरला.

पाडव्याला अप्पा घरी आले. शिवानीच्या चांदण्या कुणी पुसल्या नव्हत्या. कूलर मात्र आता दुसऱ्या कोपऱ्यात होता. आत्यानंच तो ओढला होता. अमृतनं पॅशनफ्रूट कापलं आणि अक्षतानं घाईनं तोंडात टाकलं.

हुक्.

सगळे थबकले. सवयीनं आत्याचं तोंड उघडलं, पण तिनं ते मिटून घेतलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि अक्षताच्या डोळ्यांत बघून रागावली, “आधी सांग, काय काय खाल्लंस?”

अप्पा हसले. बऱ्याच दिवसांनी.

अक्षतानं तांब्या हातात घेतला, पण लगेच तोंडाला लावला नाही. मनातल्या मनात तिनं आधी एक नाव घेतलं.