खंदकाची माती

मोबाईल खाली ठेवा रे सगळे. उद्याच्या भाषणात ‘आम्ही बंगाल हलवला’ हे वाक्य घालायचं की नाही, यावर तुमची मघापासून जुंपलेली ऐकतोय मी. घाला, खुशाल घाला. पण त्याआधी पांढरीपांड्याचं काय झालं ते ऐका. ऐकीव नाही सांगत. त्याच्या स्वतःच्या तोंडून ऐकलंय, ह्याच गच्चीवर, आणि सांगताना त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

गेल्या वर्षीची अक्षय तृतीया. बुधवार, तीस एप्रिल. अजेय पांढरीपांडे संध्याकाळी सेक्टर फाइव्हच्या ऑफिसातून निघाला आणि घरी न जाता टॅक्सी करून बागबाजारला गेला. काम साधं होतं. स्टीलच्या डब्यात मूठभर माती आणायची होती.

माती कशाला, तर दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन. आपल्या मंडळाच्या स्टेजवर ‘मराठ्यांच्या टापांची माती’ ठेवून तिचं पूजन करायचं, ही कल्पना ह्याची. पावणेतीनशे वर्षांपूर्वी नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ चौथ वसूल करायला बंगालमध्ये उतरलं. गावंच्या गावं जाळली. ते इथे, कोलकात्यात, येणार म्हणून घाबरून लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो बागबाजारपासून. पुढे तो बुजवला, त्याच्यावर रस्ते झाले. पण एवढं शहर आपल्या भीतीनं खणलं गेलं, याचा अजेयला कोण अभिमान! आता खरी गंमत ऐका. मराठे त्या खंदकापर्यंत कधी आलेच नाहीत. घोड्याची एक टाप तिथे उमटलेली नाही. तिथवर पोचले ते कोण, तर ज्यांची घरं जळली ते. पोरंबाळं काखोटीला मारून, उपाशी, तहानलेले. पण हे त्याला सांगणार कोण? सांगितलं असतं तरी ऐकणाऱ्यातला तो नव्हता.

बदलीवर आलेली माणसं मी आयुष्यभर पाहतोय. माझा जन्म इथला, माझ्या वडिलांचाही इथलाच. हे लोक येतात, तीन वर्षं राहतात आणि तिन्ही वर्षं मनानं आपल्या गावाच्या चौकात उभे असतात. अजेय त्यांच्यातला शिरोमणी. मोहरीच्या तेलाला नाक मुरडायचा, गोड दह्याला हसायचा, बिर्याणीत बटाटा दिसला की आपल्या संस्कृतीवर व्याख्यान द्यायचा. उन्हाळ्यात फोनवर नागपूरचं तापमान काढून सगळ्यांना दाखवायचा, ‘पंचेचाळीस, बघा’, जसं काही ते ऊन ह्यानंच तापवलंय. घोडदळाच्या गप्पा मारणारा हा गडी जन्मात एकदाच घोड्यावर बसला, लग्नाच्या वरातीत, आणि तेव्हाही दोघांनी दोन्हीकडून धरला होता.

घरची आठवण त्याला यायची, ते खोटं नव्हतं. रात्री बाल्कनीत उभा राहून आईशी बोलताना आवाज बारीक व्हायचा, डोळे भरायचे. पण आठवणीनं माणसं हळवी होतात. हा माजला.

आणि त्या माजाच्या खाली एक भीती होती. त्याची मुलगी ओवी, चार वर्षांची. तिला सांभाळायला मिनोती नावाची मावशी बजबजहून यायची. पोर दिवसभर तिच्याजवळ, त्यामुळे तिच्याच बोलीत बोलायची. मराठीत विचारलं की बंगालीत उत्तर. झोपेत बडबडली तरी बंगालीत. आपली मुलगी आपली राहायची नाही, ह्या विचारानं अजेयची झोप उडाली होती. तशात एका दुपारी तो लवकर घरी आला आणि त्यानं ऐकलं, मिनोती ओवीला थोपटत सांगत होती की लवकर झोप, नाहीतर बर्गी येईल.

बर्गी म्हणजे ते घोडेस्वार. बारगीर. आपलेच. इथल्या आया अजून पोरांना त्यांचीच भीती घालतात.

दुसऱ्या कोणाला वाईट वाटलं असतं. पावणेतीनशे वर्षं झाली तरी आपल्या नावानं लेकरं डोळे मिटतात, यात मिरवण्यासारखं काय आहे? ह्यानं मिनोतीला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मग ओवीला समोर बसवून म्हणाला, “बर्गी म्हणजे आपण. तुझा बाबा बर्गी आहे. तू बर्गीची मुलगी.” अख्खा महिना तेच पाठ करून घेत होता. महाराष्ट्र दिनाला तिला फेटा बांधून स्टेजवर उभी करायची आणि हेच म्हणवून घ्यायचं, असा बेत. पोरगी म्हणायची, पण त्या दिवसापासून त्याच्या मांडीवर यायची बंद झाली. तो घरी आला की सुरुचीच्या, म्हणजे आईच्या, पदराआड.

तर बागबाजार. एका गल्लीत पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणला होता. चांगली कमरेइतकी चर आणि बाजूला काळी, ओली माती. अजेयनं वाकून डबा भरला. समोरच्या घराच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ वारा घेत बसले होते. त्यांनी विचारलं, काय नेताय? ह्यानं हिंदीत सगळं सांगितलं, छाती काढून, आम्ही कोण ते. म्हातारे नुसते उठले, घरात गेले आणि आतून कडी लावून घेतली. ह्याला त्याचंही हसू आलं.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. अक्षय तृतीयेला तिकडे विदर्भात पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तुमच्यापैकी काहींच्या घरी असेल. सुरुचीनं सकाळीच सासऱ्यांच्या नावानं घागर भरली होती, पुरणाचा नैवेद्य दाखवला होता. अजेयनं दुसरी घागर काढली, पाणी भरलं आणि त्यात ती माती सोडली.

“हे काय करून राहिला?” सुरुची म्हणाली. “पितरांचं कोणी दिवेलागणीला करतं का? आणि बोलावतो कोणाला? नाव नाही, गोत्र नाही.”

“आपलेच आहेत,” अजेय म्हणाला. “आपले स्वार. परक्या मुलखात पडले, कोणी पाणी पाजलं नाही बिचाऱ्यांना.”

आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाला, “ह्या मातीत जे जे पडले, त्या सगळ्यांनी यावं. पाणी प्यावं. हे घर तुमचं आहे.”

ऐकलंत ना? जे जे पडले. सगळ्यांनी. आपलं कोण त्या मातीत पडलं होतं?

मध्यरात्री त्याला जाग आली. सुरुचीला उन्हानं डोकेदुखी झाली होती, ती गोळी घेऊन गाढ झोपली होती. ओवी पलीकडच्या खोलीत. पंखा चालू होता. बाहेर एक कुत्रं भुंकत होतं, ते मध्येच थांबलं.

हॉलमधून पाणी पिण्याचा आवाज येत होता.

घट घट घट. घाईनं. माणूस दिवसभर चालून आला की पितो तसं. त्याला वाटलं ओवी उठली. मग तो आवाज थांबला आणि दुसरा सुरू झाला, जरा जड. मग तिसरा. मग खोकला. म्हाताऱ्या माणसाचा.

अजेय उठला. हॉलमध्ये आला. कोणी नाही. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तेवढा खिडकीतून आत पडला होता. वडिलांच्या नावाची घागर भरलेली, जशीच्या तशी. दुसरी रिकामी. तळाशी मातीसुद्धा नव्हती.

त्याला काय वाटलं असेल सांगा. त्याला आनंद झाला. खरंच. स्वतः म्हणाला मला. अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी. आले. आपले लोक आले. इतक्या वर्षांनी कोणीतरी गावाकडचं घरी आलं, असं वाटलं त्याला. तो हळूच म्हणाला, “या. बसा.”

आणि त्याचा मराठी आवाज निघाल्याबरोबर...

धावपळ झाली. अनवाणी पायांची. चार, सहा, किती कोण जाणे. हॉलमधून आतल्या बाजूला. ओवीच्या खोलीकडे. दार लागलं. आवाज न करता, कोणीतरी जपून लावावं तसं.

मग शांत.

तो दाराशी गेला. कान लावला. आत ओवी कुजबुजत होती. बंगालीत. तिला कोणीतरी काहीतरी विचारलं. बाईचा आवाज. थकलेला. त्यातला एकच शब्द त्याला कळला. बर्गी.

ओवी म्हणाली, “जेगे आछे.”

तो जागा आहे.

“ओवी,” तो म्हणाला. “कोणाशी बोलून राहिली, बेटा?”

कुजबुज थांबली.

अशी शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. रिकाम्या खोलीची नाही. भरलेल्या खोलीची. खूप माणसांनी एकदम श्वास धरलेला...

आत एक तान्हं बाळ रडायला लागलं. एक हुंदका. दुसरा निघाला नाही. तोंडावर हात आला.

कोणाचा तो हात... आणि कशासाठी... 

त्यानं दार ढकललं. उघडलं. दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. हॉलचा उजेड दारातून जेमतेम कोपऱ्यापर्यंत गेला. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीसमोर ओवी उभी होती. दोन्ही हात पसरून. मागे काळोख. त्या काळोखाला ओला वास होता, त्या चरीसारखा. आणि तो काळोख थरथरत होता.

पोरीनं बापाकडे पाहिलं. ओळख नाही. काही नाही.

“ओवी... अगं, मी.”

 तिचे हात खाली आले नाहीत. चार वर्षांची पोर, एखाद्या मोठ्या बाईसारखी, समजावणीच्या सुरात म्हणाली, “बाड़ीते केउ नेइ.”

घरात कोणी नाही.

तो एक पाऊल पुढे गेला.

तिच्या मागून कोणीतरी तिला आत ओढून घेतलं.

अजेय ओरडला. असा ओरडला की सुरुची गोळीच्या झोपेतून धावत आली. तिनं तेच बटण दाबलं आणि दिवा लागला. खोलीत कोणी नव्हतं. फटीत ओवी होती, गुडघे पोटाशी घेऊन, गाढ झोपलेली. अंगावर ओरखडा नाही. श्वास नीट. मात्र तोंड काळं होतं.

काळं म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंत काजळी फासलेली. केसांतसुद्धा. डोळे तेवढे वाचवलेले, जपून, लेकराच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

अजेय दाराशीच उभा होता. पुढे यायची हिंमत झाली नाही त्याची. काजळी का फासतात, हे त्याला माहीत होतं. तुम्हाला नसेल तर सांगतो. आपल्याकडेही पेंढाऱ्यांच्या धामधुमीत करायचे म्हणे. लुटारू गावात शिरले की आई तव्याच्या बुडाची काजळी लेकीच्या तोंडाला फासायची. त्यांच्या डोळ्यांत ती भरू नये म्हणून. त्यांनी तिला उचलून नेऊ नये म्हणून.

कोणी बाई त्या रात्री त्या घरात आली. स्वतःचं लेकरू काखेला असताना तिनं दुसऱ्याच्या मुलीला लपवलं. कोणापासून, ते अजेयला कोणी सांगावं लागलं नाही. घरात पुरुष एकच होता.

महाराष्ट्र दिनाला ते दोघं आले नाहीत. महिन्याभरात त्यानं बदली मागून घेतली. नागपूर मिळालं. ज्या गावासाठी तीन वर्षं रडला, तिथे आता कोणी ‘कोलकात्याला काय पाहिलं’ विचारलं तर उठून जातो म्हणतात.

एकच गोष्ट राहिली. ते क्वार्टर मी पाहिलंय. तिथे चूल नाही, स्टोव्ह नाही, विजेची शेगडी. तवा आरशासारखा. देवापुढे विजेची समई. काजळी धरेल अशी वस्तू त्या घरात नव्हती.

तोंड धुण्याआधी सुरुचीनं ओवीला दिव्याखाली नेलं. दोन्ही गालांवर बोटांच्या रेघा होत्या, कपाळाकडून खाली ओढलेल्या. चार इकडे, चार तिकडे. सुरुचीनं आपली बोटं त्या रेघांवर ठेवून पाहिली.

तिची बोटं आखूड पडली.