काकूचा आवाज तुटतो तिथं

"आता बघ, इथंच बंद पडंल," गुरुलिंग कुजबुजला.

टळटळीत दुपार होती. टेबलावरच्या जुन्या संगणकातून सत्यभामाकाकू गोष्ट सांगत होती. काकू इथल्याच, माकणीच्या अंगणवाडीत शिकवायची. पोरांसाठी तिनं घरीच गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. दिवाळीनंतर ती वारली. आवाज तेवढा राहिला.

"...मग खेकडा बिळातनं बाहेर आला आन् कोल्ह्याला म्हणाला..." काकू थांबली. मग तोच आवाज हळू आला, अगदी खोलीतून आल्यासारखा. "अवं, ऐकलं का?"

पडदा काळा झाला.

दीपमालाच्या अंगावर काटा आला. तिनं वर पाहिलं. छताचा पंखा फिरत होता. म्हणजे लाईट गेली नव्हती.

दीपमाला आठवीत आणि तिचा भाऊ रणधीर सहावीत. दोघं सुट्टीला धाराशिवहून कोंडीरामकाकांकडे आले होते. गुरुलिंग शेजारचा. काका बाजेवर बसून काळ्या पडद्याकडे बघत होते.

"रोज दुपारी असंच," ते म्हणाले. "मला हाक मारती आन् जाती. काय सांगायचंय तिला, कळंना."

शेजारचे हरिबा आबा दारात उभे होते. "कोंडीराम, किती डाव सांगू? जीव अडकलाय तिचा त्या डब्यात. उद्या अमावस्या हाय. धरणाच्या पाण्यात सोडून ये. ती बी सुटंल, तू बी सुटशील."

काकांनी मान हलवली. "व्हय आबा. सकाळी नेतो."

"काका, पण काकूचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही," दीपमाला म्हणाली.

काका उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले.

"पोरांनो," आबांनी काठी उगारली, "चालू डब्याला हात लावायचा न्हाय. सांगून ठिवतो."

"बरं आबा. चालू असताना नाही लावणार," दीपमाला म्हणाली. आबा समाधानानं झोपायला गेले.

रणधीरनं बंद सीपीयूच्या डब्यावर तळहात टेकवला आणि झटकन काढला. "ताई, तवा झालाय नुसता."

"म्हंजी भूत न्हाय," गुरुलिंग म्हणाला. "भुताचं अंग गार असतं."

"तू कधी हात लावलास?"

"आज्जी सांगती."

डबा निवल्यावर दीपमालानं संगणक चालू केला आणि दुसरीच गोष्ट लावली, सशाची. तिच्यात काकूनं कुणालाच हाक मारली नव्हती. तरी ससा शेतात शिरला आणि पडदा काळा झाला. गुरुलिंग दाराकडे सरकला. "काकूला ससा बी पसंत न्हाय."

"काका संगणक सुरू करून लगेच खेकड्याचीच गोष्ट लावतात," दीपमाला सावकाश म्हणाली. "बंद पडायला रोज तेवढाच वेळ लागत असेल. म्हणून रोज त्याच शब्दाला बंद."

"थांब, शाळेत सरांनी दाखवलं होतं," रणधीर म्हणाला. डबा पुन्हा निवेपर्यंत तिघं बसून राहिले. मग संगणक सुरू होताना त्यानं डिलीटचं बटण दाबून धरलं. निळा पडदा आला. त्यावर प्रोसेसरचं तापमान लिहिलेलं होतं. साठ. बघता बघता बहात्तर झालं, मग पंच्याऐंशी.

"चाळीस-पन्नास असायला पाहिजे," रणधीर म्हणाला. "फार तापला की जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होतो."

सत्त्याण्णव. पडदा काळा.

भूत नव्हतं हे तिघांना कळलं होतं, तरी काकूच्या फोटोकडे बघायचं तिघांनी टाळलं. फोटो सीपीयूच्या डब्यावरच ठेवलेला होता.

काका परत आले तेव्हा दीपमालानं विचारलं, "हे कधीपासून होतंय, काका?"

काका फोटोकडे बघत बोलू लागले. "गुढीपाडव्याला मी तिच्या फोटूला साखरंची गाठी घातली. तिला लई आवडायची. अशी लांब खाली लोंबत होती, डब्याच्या अंगावर. रोज थोडी थोडी कमी व्हायची. मला वाटायचं, ती खाती. मी कुणाला सांगितलं न्हाय. एक दिवशी बघतो तर दोरा सुदिक न्हाई. त्याच दुपारी मी खेकड्याची गोष्ट पहिल्यांदा लावली, आन् तवापासनं ती हाक मारून जायला लागली."

गुरुलिंगनं दीपमालाचा दंड धरला. तिचं लक्ष मात्र फोटोच्या चौकटीवर होतं. बारीक लाल मुंग्यांची रांग चौकटीवरून डब्यावर उतरत होती. डब्याच्या बाजूला हवा आत जायला जाळी होती. रांग त्या जाळीत शिरत होती.

"साखर मुंग्यांनी खाल्ली," ती म्हणाली. "पण मुंग्या दोरा खात नाहीत. काका, डबा उघडू?"

"आबा नको म्हणलेत की."

"आबांनी चालू डब्याला नको म्हटलंय. हा बंद आहे."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी वायर काढली आणि कपाटातून पेचकस आणून दिला.

झाकण निघालं. आत प्रोसेसरवर बसवलेला छोटा पंखा होता. गाठीचा दोरा पंख्यानं आत ओढून घेतला होता आणि त्याच्या आसाला तो करकचून गुंडाळला होता. पंखा जागचा हलत नव्हता. पात्यांना साखरेचे कण चिकटले होते. रणधीरनं दोरा चिमट्यानं उलगडत काढला, कोरड्या ब्रशनं साखर आणि धूळ झाडली. दीपमालानं फुंकर मारली. पंखा फिरला.

झाकण लावून संगणक सुरू केला. शेहेचाळीस. बराच वेळ गेला तरी शेहेचाळीसच.

"लाव," काका म्हणाले.

तेवढ्यात आबा झोपेतून उठून आले आणि उंबऱ्यातच थांबले. खेकडा बिळातून बाहेर आला. काकू थांबली.

"अवं, ऐकलं का?"

पडदा उजळच होता.

"मागच्या दाराची कडी लावा. मांजर दुधाला तोंड लावंल."

मग संगणकातून कोंडीरामकाकांचाच आवाज आला, लांबून. "लावतो गं. तू सांग पुढं."

आणि काकू पुढं सांगू लागली.

"एवढंच?" गुरुलिंगच्या तोंडून निघून गेलं.

"एवढंच," काका म्हणाले. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "रोज एवढंच बोलायचो आमी."

आबा आत येऊन जमिनीवर बसले. "मी पाण्यात टाकायला सांगत होतो," ते म्हणाले. "पोरांनो, आमच्यापरीस तुमचं डोकं जाग्यावर हाय." थोड्या वेळानं त्यांनी काकांना विचारलं, "कोंडीराम, ह्या गोष्टी अंगणवाडीतल्या पोरांना ऐकवता येतील का रं?"

"दीपमालाला विचारा. तीच देईल मोबाईलमधी भरून."

खेकड्यानं कोल्ह्याला बरोबर फसवलं. गोष्ट संपली, काकूचा आवाज थांबला. काका उठले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं संगणक बंद केला.