चोवीस छिद्रं

बुधवारी सकाळी येर्नेया बोन्चिना ब्रिगिता लापाय्नेच्या स्वयंपाकघरात आली आणि कोट न काढताच बसली. लेस विणण्यासाठी नावाजलेल्या इद्रिया गावातल्या मोटर कारखान्याच्या संशोधन विभागाची ती प्रमुख.

तिने ग्राट्सच्या एका कंपनीचं छापील पत्रक टेबलावर ठेवलं. त्यात छोट्या मोटरीचं चित्र होतं.

"ही मोटर आमची आहे, ब्रिगिताबाई. तार गुंडाळायची ही पद्धत आमच्या नेझ्काने शोधली. आम्ही अजून पेटंटचा अर्जही केलेला नाही."

"आता काय होईल?"

"शुक्रवारी झुरिकहून मालक कंपनीच्या संचालक येताहेत. चोर सापडला नाही, तर विभाग तिकडे हलणार. त्यांचा रेटो आमान दोन महिने इथे देखरेखीला आहे, तो तिथे प्रमुख होणार. आमची अठ्ठावीस माणसं घरी बसणार."

शेजारचा त्सिरिल कॉफी ढवळत होता. तो निवृत्त पोस्टमन. ब्रिगिता लोकांना चोऱ्यांचा छडा लावून द्यायची, त्या कामात तो तिची गाडी चालवायचा.

"ग्राट्सवाल्यांना स्वतःलाच सुचलं नसेल कशावरून?" त्याने विचारलं.

"तार तारेला जिथे जिथे ओलांडते, ते सगळं तसंच आहे. फक्त काठाने ही बारीक गोल छिद्रं जास्तीची आहेत. आमच्या आराखड्यात नाहीत, मोटरीतही नाहीत."

ब्रिगिताने मोजली. चोवीस.

"पत्रक कोणी पाहिलंय?"

"फक्त मी. त्यांचं प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे. हे छापखान्यातून ओळखीने मिळालं. झुरिकला नुसतं फोनवर कळवलंय."

दुपारी ब्रिगिता कारखान्यात गेली. नेझ्का त्रेवेनच्या टेबलावर लेस विणायची गोल उशी होती, वर फडकं.

"तार कशी फिरवायची ते मला लेसवरून सुचलं," नेझ्का म्हणाली. "आधी कागदावर काढलं, मग तो कागद उशीवर बसवून त्यावर सुताने विणून पाहिलं; कागद अजून तिथेच आहे. जमलं तेव्हा संगणकावर आराखडा केला. दोन वर्षं गेली यात. आणि आता जिन्यात मला बघून लोक गप्प होतात!"

"उशीजवळ कोणी नसतं असं कधी होतं?"

"दहाच्या न्याहारीला. तेव्हा सगळेच खाली जातो."

मेकॅनिक झ्द्रावको हात पुसत आला.

"आराखडा बघून पहिली मोटर मी गुंडाळली. तीन वर्षं पगारवाढ मागतोय, मिळालेली नाही. लिहून घ्या, बाई, चोराला शोभेल असं कारण आहे माझ्याकडे!"

"लेस येते का?"

"आई लेसच्या शाळेत शिकवायची. न येऊन सांगतो कुणाला? मार खाऊन शिकलोय."

रेटो आमानने अदबीने खुर्ची पुढे केली.

"न्याहारीला तुम्ही खाली जाता?"

"सकाळी दहाला आंबट कोबीचं सूप? नाही हो. मी बारा वाजता जेवतो."

"नेझ्काची उशी पाहिलीत?"

"ती शोभेची वस्तू? तिच्या फडक्यालाही मी हात लावलेला नाही. संगणकातला आराखडाही मला दाखवत नाहीत. मालकाच्या माणसावर विश्वास नाही म्हणे."

"तरी कल्पना कशी वाटली?"

"उत्तम! गुंडाळी सुरेख आणि काठाने हवेला छिद्रं. मोटर तापणार नाही."

परतताना त्सिरिल म्हणाला, "तो झ्द्रावकोच. तोंडानेच कबूल केलं की."

"जो कारण स्वतः सांगतो, तो निदान लपवत तरी नाही." ब्रिगिता थोडी थांबली. "त्सिरिल, स्लावकाची लेसची उशी शुक्रवारी आणशील?"

स्लावका त्याची बायको. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

"तिने झाकून ठेवली तशीच आहे, मी ती उघडलेली नाही अजून."

"माहीत आहे. म्हणून विचारतेय."

तो समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. शुक्रवारी मात्र उशी घेऊन आला.

कारखान्यातल्या बैठकीत येर्नेया, नेझ्का, झ्द्रावको आणि आमान बसले होते; झुरिकच्या संचालक वेरेना काउफमन घड्याळ बघत होत्या. ब्रिगिताने स्लावकाच्या उशीवरच्या अर्धवट विणलेल्या लेसखालचा नमुन्याचा कागद अलगद सोडवला आणि खिडकीपुढे धरला. काठाने उजेडाचे ठिपके चमकले.

"त्सिरिल, हे काय आहे?"

त्सिरिलने कागदावरून बोट फिरवलं. "टाचण्यांची भोकं. सूत जागेवर राहावं म्हणून ती काठाने टाचण्या लावायची. इद्रियातलं शेंबडं पोरही सांगेल."

"नेझ्काच्या कागदालाही अशीच चोवीस आहेत." ब्रिगिताने पत्रक पुढे सरकवलं. "आणि इथेही. मोटरीशी त्यांचा काही संबंध नाही. म्हणजे ग्राट्सला आराखडा गेला नाही, उशीवरच्या कागदाचा फोटो गेला. नेझ्का आणि झ्द्रावकोच्या हातात पक्का आराखडा होता, ते कच्चा कागद कशाला विकतील? शिवाय टाचणीचं भोक दोघंही ओळखतात. चोराकडे फक्त कागद होता आणि त्याला लेस कळत नव्हती."

ब्रिगिता आमानकडे वळली.

"आमान साहेब, उशीला तुम्ही हात लावला नाहीत, आराखडा तुम्हाला दिसला नाही, पत्रक तर येर्नेया आणि आमच्याशिवाय कुणीच पाहिलं नव्हतं. मग हवेची छिद्रं तुम्हाला कुठे दिसली?"

आमानने खुर्ची मागे सरकवली.

"दहाला सगळे खाली गेले की मजला तुमचाच. कागद बाहेर फुटला की दोष इद्रियावर, विभाग झुरिकला आणि प्रमुखाची खुर्ची तुम्हाला."

"मला वाटलं ती छिद्रं..." आमान पुटपुटला.

"ग्राट्सवाल्यांनी ती खरंच पाडली असतील तर धूळ खाऊन मोटर महिन्यात बसेल!" झ्द्रावको मांडीवर थाप मारून हसला.

काउफमनबाई उठल्या. "आमान, तुमचा फोन आणि ओळखपत्र इथे ठेवा. वकील आजच ग्राट्सला लिहितील. पेटंटवर नाव नेझ्का त्रेवेनचं जाईल." त्या नेझ्काकडे वळल्या. "ज्या गावाला टाचणीचं भोक ओळखता येतं, तिथून हे काम मी कशाला हलवू?"

नेझ्काने पुढचं ऐकलंच नाही. दार ढकलून ती जिन्याच्या कठड्यावर ओणवली. खाली यंत्रं बंद करून सगळे वर बघत उभे होते.

"राहिलं रे!" ती ओरडली. "काम इथेच राहिलं!"

खालून जी आरोळी उठली, तिने खिडकीच्या काचा थरथरल्या.