सहदेवचं पॅक-अप

रविवारी, पौष अमावस्येच्या रात्री, पावणेबाराच्या सुमाराला डायरेक्टरनं श्रुतिकाला एक साधं काम सांगितलं. चंद्र कुठं अडलाय ते बघून ये.

मढच्या त्या बंगल्यात मालिकेचं शूटिंग चालू होतं. नायिका खिडकीत उभी राहून चांदण्यात रडणार होती, आणि अमावस्येला चांदणं आणायचं काम लाइटवाल्यांचं. बंगल्याच्या मागं, समुद्राच्या बाजूला, दोन मजले उंच परांची बांधून तिच्यावर एक मोठा दिवा चढवला होता. तोच चंद्र. संध्याकाळपासून तो खिडकीऐवजी भिंतीवर पडत होता. कुणीतरी वर जाऊन त्याचं तोंड फिरवायला हवं होतं. तेवढ्यात जनरेटर बंद पडला आणि सगळा बंगला काळोखात गेला.

श्रुतिका मोबाइलच्या उजेडात पुढच्या अंगणात आली. तिथं लाइटवाल्यांचा प्रमुख जयवंतदादा प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. पायाशी त्याच्या हाताखालचा चैतन्य, दहिसरचा पोरगा, सकाळी सातपासून कामावर. चहाचा कप हातात धरूनच पेंगत होता.

"जनरेटर आला की चैतन्यला वर पाठवा," श्रुतिका म्हणाली. "सेफ्टी बेल्ट आहे ना?"

"बेल्ट टेम्पोत. टेम्पो गेला गोरेगावला."

"मग?"

"मग काय? रोज चढतो तो."

चैतन्य डोळे चोळत हसला. "मॅडम, माकडाला कोण बेल्ट बांधतं का?"

श्रुतिका गप्प बसली. असं गप्प बसणं तिला आता जमायला लागलं होतं. सहायक दिग्दर्शक म्हणून तिचं हे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी ती भांडायची. तेव्हा सगळे मोठे तिला एकच सांगायचे, शिकशील हळूहळू. शिकली होती. त्याचाच तिला राग होता.

"बस गो बाय," जयवंतदादा म्हणाला. "जनरेटर येईस्तोवर एक सांगतो. खरी घडलेली. ह्याच बंगल्यातली."

उजेड गेला की ह्यांना भुतं सुचतात, असं मनात म्हणत ती पायरीवर टेकली.

"माझ्या ओळखीचा एक होता. माझ्यासारखाच, लाइटचा प्रमुख. त्याच्या हाताखाली सहदेव म्हणून लाइटमन. डावखुरा. बाकी कामाला एक नंबर, पण केबल गुंडाळायचा ती उलटी. पोरं सकाळी सोडायला बसली की पीळ पडायचे, आणि त्याच्या आईबापाचा उद्धार व्हायचा. आख्ख्या लाइनीत तशी गुंडाळी दुसऱ्या कुणाची नाही."

चैतन्य हसला. दादा हसला नाही.

"दत्तजयंतीच्या आदल्या रात्री इथंच शूटिंग होतं. असाच सीन, असाच चंद्र. बाहेर खरं चांदणं पडलेलं, पण कॅमेऱ्याला पुरत नव्हतं. सहदेवची दुसरी शिफ्ट चालू. वर बसल्या बसल्या त्याला झोप लागली असणार. पडला. जागच्या जागी..."

"बेल्ट?" श्रुतिकानं विचारलं.

दादानं ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

"मग प्रॉडक्शनची माणसं जमली. ठरलं असं, की पॅक-अप आधीच झालं होतं. काम संपल्यावर तो दारू पिऊन स्वतःच वर चढला. काम चालू असताना पडला म्हटलं तर कंपनी अडकणार. सेटवरचा एकूण एक माणूस तेच बोलला. माझ्या ओळखीचा होता ना, तोपण. त्याचा जबाब महत्त्वाचा. सहदेवची बायको रुक्मिणी ऑफिसात येऊन बसायची. तिला दर वेळी सांगायचे, पॅक-अप झालं होतं, बाई."

समुद्राकडून वारा आला. मागच्या बाजूला परांचीचा एक बांबू करकरला.

"तीनेक महिन्यांनी त्या माणसाला पुन्हा इथं काम लागलं. रात्री पॅक-अप झालं. खरंखुरं. सगळी गेली. हा मागं राहिला, सामान मोजायला. दिवे बंद. परांचीखाली आला, तर वरून आवाज..."

"'दादा, पॅक-अप?'"

चैतन्यची झोप उडाली होती.

"ह्यानं वर बघितलं. कुणी नाही. पुन्हा तेच. दमलेल्या माणसाचा आवाज. धमकी नाही. राग नाही. नुसतं विचारतोय... 'दादा, पॅक-अप?' म्हणजे उतरू का? घरी जाऊ का?"

"मग 'हो' म्हणायचं ना," चैतन्य पुटपुटला.

"कसं म्हणेल? आज 'हो' म्हटलं, म्हणजे त्या रात्री झालं नव्हतं..." दादानं मागच्या बाजूला नजर टाकली. "तो पळाला. अजून इथं काम लागतं त्याला. अजून ऐकू येतं. अजून उत्तर देत नाही."

"नाव काय त्याचं?" श्रुतिकानं विचारलं.

"कुणाचं?"

"तुमच्या ओळखीच्याचं."

जयवंतदादानं खुर्चीखालचा आपला रिकामा कप उचलून तोंडाला लावला.

श्रुतिका उठली. "दादा, ही भुताची गोष्ट नाहीये. एक माणूस मेला आणि सगळ्यांनी मिळून खोटं बोलून त्याच्या बायकोला हाकललं, ही गोष्ट आहे. तुम्ही त्याचं भूत करता, कारण भुतावरून केस होत नाही. पोरं घाबरतात, चहा पितात, विसरतात. आणि तुम्ही ह्याच परांचीवर, बेल्टशिवाय, ह्याला चढवताय! गोष्ट सांगता सांगता!"

"आवाज खाली," दादा म्हणाला. "तूच आलीस ना सांगायला, वर पाठवा म्हणून?"

ते तिला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. कारण खरं होतं.

तेवढ्यात जनरेटर धडधडला. बंगला उजळला. दिवाणखान्याच्या खिडकीतून आरपार, मागच्या बाजूला पडलेला चंद्राचा निळसर उजेड अंगणातूनही दिसत होता. प्रॉडक्शन सांभाळणारे श्यामकांत सर गाडीतून उतरून ओरडले, "चला चला! लाइटवाला वर गेला का? श्रुतिका, करतेयस काय?"

चैतन्यनं चप्पल काढून बाजूला ठेवली. परांचीवर अनवाणी चढायची पद्धत. तो बंगल्याच्या कोपऱ्याकडे निघाला. चालतानाच त्याचा एकदा तोल गेला.

श्रुतिकानं वॉकीटॉकी तोंडाशी धरली. पॅक-अप म्हणायचा हक्क तिचा नव्हता. तो श्यामकांत सरांचा.

"पॅक-अप!"

आवाज सगळ्या खोल्यांतून घुमला. कोपऱ्याशी पोचलेला चैतन्य थबकला.

"कोण बोललं?" श्यामकांत सर धावत आले. "डोकं फिरलंय का तुझं? सीन बाकी आहे!"

"मी बोलले. पोरगा सतरा तास उभा आहे. बेल्ट नाही. तो वर जाणार नाही."

"उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येणार. पण आज पॅक-अप झालंय. वेळ लक्षात ठेवा, सर. नंतर बदलायची सवय आहे तुम्हा लोकांना."

श्यामकांत सरांनी जयवंतदादाकडे बघितलं. दादानं जमिनीकडे.

तेव्हा खिडकीतला निळा उजेड विझला.

बाकी सगळे दिवे चालू. फक्त चंद्र गेला.

"चंद्र कुणी बंद केला?" श्यामकांत सर.

लाइटची सगळी पोरं अंगणातच होती. तमाशा बघत. श्रुतिकानं एकेक चेहरा पाहिला. सगळे इथं. मग मागं...?

चैतन्य कोपऱ्यावरून वळून मागं गेला. मग त्याचा आवाज आला. बारीक.

"दादा... इकडे या."

सगळी गेली. परांचीवर कुणी नव्हतं. दिवा वरच होता, काळा. त्याची केबल मात्र वरून सुटली होती आणि खालूनही. परांचीच्या पायाशी ती गुंडाळून ठेवली होती. नीट. काम संपल्यावर ठेवतात तशी.

जयवंतदादा वाकला. टोक धरून त्यानं एक वेढा सोडला. केबलला पीळ पडला. दुसरा सोडला. पुन्हा पीळ.

गुंडाळी उलटी होती.

दादा घाईघाईनं वेढे सोडवत होता, सरळ करून पुन्हा गुंडाळायला.

श्रुतिकानं केबलवर पाय ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "ती तशीच राहील."